हॅपी बर्थडे जोशी

१९९०च्या दशकात ज्यांनी बँकेत, विमा कार्यालयात किंवा कॉलेजच्या संगणक कक्षात काम केलं, त्यांच्यापैकी काहींना ५ जानेवारी ही तारीख आठवत असेल. त्या दिवशी मशीन सुरू केलं की पडदा थिजायचा आणि इंग्रजीत एक फर्मान यायचं, ‘टाईप हॅपी बर्थडे जोशी’. दुसरं काहीही दाबा, मशीन हलायचं नाही. हे तीन शब्द मुकाट्याने टाईप केले की सुटका व्हायची आणि काम पुढे सुरू. वर्षाचे उरलेले ३६४ दिवस हा जोशी गप्प बसायचा. गप्प म्हणजे रिकामा नव्हे. हाती लागेल त्या फ्लॉपीवर तो आपली प्रत उतरवत राहायचा.

जोशी व्हायरस जून १९९०मध्ये भारतात सापडला, आणि सापडला तेव्हाच तो देशाच्या बऱ्याच भागांत आणि आफ्रिकेतही पसरलेला होता. लिहिणाऱ्याने नाव ठेवलं, पत्ता मात्र दिला नाही. आज आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही कार्यालयात ‘व्हायरस काढला तरी परत येतो’ ही तक्रार ऐकू येते. तिचं मूळ समजून घ्यायचं तर मला या जुन्या जोशीपासून सुरुवात करणं सोपं वाटतं. कारण तो लहान होता, त्याचा सगळा डाव डोळ्यांसमोर मांडता येतो, आणि त्या डावात पुढच्या ३५ वर्षांचं बरंचसं आलेलं आहे.

तेव्हाचं मशीन सुरू होताना आधी फ्लॉपी किंवा हार्ड डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचायचं. त्या तुकड्यात ‘पुढे काय करायचं’ एवढीच सूचना असते. जोशी नेमका तिथे जाऊन बसायचा. म्हणजे डॉस सुरू व्हायच्या आधी हा जागा झालेला. घरमालक उठायच्या आत चोराने उठून चहा टाकावा तसं. त्यानंतर कुणी तो पहिला तुकडा तपासायला गेलं, तर जोशी मध्येच हात घालून मूळचा, स्वच्छ तुकडा दाखवायचा. तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसायचं. फ्लॉपीवर तो आणखी एक चलाखी करायचा. नेहमीच्या ट्रॅकच्या पलीकडे स्वतःच एक जादा ट्रॅक आखून त्यात लपायचा. जिथे कुणी बघतच नाही, तिथे.

बरं, मशीन अडकलं की लोक काय करायचे? कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबायचे. मशीन पुन्हा सुरू व्हायचं आणि वाटायचं, झालं, गेलं. पण जोशी या दाबण्यावरही नजर ठेवून असायचा. अशा ‘गरम’ रिस्टार्टमध्ये मशीनची वीज जात नाही, त्यामुळे मेमरीतला पाहुणा मेमरीतच राहू शकतो. त्याला घालवायचं तर बटण बंद करून वीज तोडावी लागे आणि नंतर हार्ड डिस्कला हात न लावता, खात्रीच्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करावं लागे. नुसती वीज गेली तर उपयोग शून्य, कारण वीज आल्यावर मशीन पुन्हा त्याच बाधित हार्ड डिस्कवरून उठणार. आमच्याकडे शहापूर-मुरबाड पट्ट्यात वीज जाण्याची ददात कधीच नव्हती. तेवढ्यावर व्हायरस जात असता तर ठाणे जिल्ह्याचा हा भाग देशातला सर्वात निरोगी भाग ठरला असता.

त्याची एकच खूण लपत नसे. डॉसमध्ये चेकडिस्क चालवून एकूण मेमरी बघितली की ६४० केबीच्या जागी ६३४ दिसायचे. सहा केबी जोशी खाऊन बसलेला. हिशेब जुळत नाही, तिथे चोर आहे, हे जुन्या कारकुनाला वेगळं शिकवायला लागत नव्हतं.

स्वच्छ फ्लॉपीला एक अटही होती. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असायची. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की फ्लॉपी फक्त वाचता येई, तिच्यावर लिहिता येत नसे. डब्याबरोबर एवढ्याएवढ्या काळ्या-चंदेरी पट्ट्यांचा कागदच मिळायचा. व्हायरस कितीही हुशार असला तरी ती पट्टी त्याला ओलांडता येत नव्हती, कारण ती अडवणूक यंत्राची होती, प्रोग्रामची नव्हती. ज्यांनी पट्टी लावली नाही, त्यांची ‘स्वच्छ’ फ्लॉपी पहिल्या मशीनमध्ये बाधित झाली आणि मग तीच दहा मशीनना ‘साफ’ करत फिरली. पुन्हा लागण होण्याची ही पहिली कहाणी. औषधाची सुईच दूषित.

आता नावांबद्दल थोडं बोलतो, कारण मी दोन भाषा शिकवणारा माणूस आहे आणि नावं माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

जोशीच्या चार वर्षं आधी, जानेवारी १९८६मध्ये लाहोरच्या अल्लामा इक्बाल टाऊनमधून ब्रेन नावाचा व्हायरस निघाला. पीसीवर पसरलेला तो पहिला मानला जातो. बासित आणि अमजद फारुख अल्वी या दोन भावांनी तो लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, त्यांनी बनवलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती कोण काढतं हे त्यांना बघायचं होतं. गंमत म्हणजे त्यांनी व्हायरसच्या आतच आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन नंबर घातले होते आणि ‘लसीकरणासाठी आमच्याशी संपर्क साधा’ असंही लिहिलं होतं. १९८७मध्ये तो अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात पोचला. लाहोरच्या त्या दुकानात परदेशातून चिडलेल्या लोकांचे फोन यायला लागले. २०११ साली मिक्को हिप्पोनेन हा फिनलंडचा तज्ज्ञ तोच पत्ता घेऊन लाहोरला गेला, तर भाऊ तिथेच होते, इंटरनेट सेवेची कंपनी चालवत होते.

ब्रेनला जगात ‘पाकिस्तानी फ्लू’ असं नाव पडलं. ‘जेरुसलेम’ आणि ‘व्हिएन्ना’ या नावांचेही व्हायरस होते. पण जोशीला कुणी ‘भारतीय फ्लू’ म्हटलं नाही. आणि या व्हायरसमुळे जोशी आडनावाच्या एखाद्या बँक कर्मचाऱ्याकडे कुणी संशयाने बघितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तेच बरोबर आहे. एका माणसाच्या कृत्यासाठी त्याच्या आडनावाच्या लाखो लोकांकडे कोण बघतं? मला फक्त एवढंच नोंदवायचं आहे की ही समजूत दाखवणं अवघड नसतं. जोशीच्या बाबतीत ती सगळ्यांनी सहज दाखवली.

उपचाराच्या बाजूने मात्र महाराष्ट्राचं नाव ठळक आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. १९९०मध्ये १५ हजार रुपये घालून त्यांनी पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे संगणकही दुरुस्तीला येऊ लागले आणि लक्षात आलं की कित्येक मशीन बिघडलेली नसतात, त्यांना व्हायरस लागलेला असतो. धाकटा भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होता. त्याने गिऱ्हाइकांच्या मशीनमधल्या एकेका व्हायरससाठी छोटे छोटे प्रोग्राम लिहिले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभं राहिलं, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. मला या गोष्टीतला पैशाचा भाग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने ‘हे परत परत का येतंय’ असा प्रश्न विचारला, हा भाग वाटतो. आपल्याकडे फार थोडे दुकानदार तो विचारतात. परत येणारं गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

आमच्या भागात हा प्रश्न जरा उशिरा आला. शहापूरहून किन्हवलीकडे निघालं की वाटेत शेणवा लागतं. भातसा, तानसा, मोडक सागर ही धरणं याच तालुक्याच्या अंगाखांद्यावर, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. जे पाण्याचं तेच संगणकाचं. मुंबईपासून शंभरएक किलोमीटरवर असूनही संगणक इथे २००० नंतरच खऱ्या अर्थाने कामाला लागले. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र नोकरीसाठी आवश्यक झालं, मग क्लास निघाले. २०११पासून संग्राम योजनेत ग्रामपंचायतींना संगणक आणि मानधनावरचे परिचालक मिळाले. २०१५मध्ये शाळांसाठी ‘सरल’ आलं आणि प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडलं.

पण नेट कुठे होतं? ज्या गावात मोबाईलची रेंज शोधायला टेकडीवर जावं लागतं, तिथे माहिती पेनड्राईव्हमधूनच प्रवास करते. शाळेत एक्सेलची फाईल करायची, पेनड्राईव्हमध्ये टाकायची, केंद्रशाळेत द्यायची. तिथून पंचायत समिती, तिथून जिल्हा परिषद. एकच पेनड्राईव्ह दिवसभरात दहा-पंधरा शाळांच्या मशीनमध्ये जाऊन आलेला असायचा. शिवाय वाटेत शहापूरच्या झेरॉक्सच्या दुकानात, फॉर्म छापायला. मलेरिया कसा पसरतो हे मुलांना शिकवताना मला डासापेक्षा या पेनड्राईव्हचं उदाहरण जास्त पटकन सुचतं.

आणि पेनड्राईव्हला ती चिकटपट्टीची खाच नव्हती. काही थोड्या कंपन्यांनी बाजूला लहानसं कुलूपबटण दिलं होतं, पण स्वस्तातल्या पेनड्राईव्हमध्ये ते गेलं. १९९०च्या कारकुनाकडे जे संरक्षण एका पट्टीत होतं, ते २०१०च्या कारकुनाकडे राहिलं नाही. प्रगतीच्या हिशेबात अशा वजाबाक्या कुणी मांडत नाही.

त्यात विंडोज एक्सपीची मेहेरबानी. सीडी घातली की ती आपोआप सुरू व्हावी म्हणून ‘ऑटोरन’ नावाची सोय होती. ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची एक छोटी फाईल विंडोजला सांगते, मला उघडलं की अमुक प्रोग्राम चालव. ही सोय व्हायरस लिहिणाऱ्यांनी पेनड्राईव्हवर वापरली. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की फाईलींच्या आधी व्हायरस उघडायचा. डॉसच्या आधी उठणारा जोशी आठवा. युक्ती तीच, अंगरखा नवा.

या काळातला सर्वात चिवट किडा म्हणजे कॉनफिकर. मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ला विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच दिला, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच भोकातून कॉनफिकर शिरायला लागला. पॅच आधी, रोग नंतर. तरीही तो जगभर लाखो मशीनमध्ये गेला, कारण पॅच कुणी बसवलाच नव्हता. त्याच्या पुढच्या आवृत्तीला तीन वाटा होत्या. पहिली ते भोक. दुसरी पेनड्राईव्ह. तिसरी म्हणजे कार्यालयातल्या मशीनचे पासवर्ड ओळखून शेजारच्या मशीनमध्ये उडी. त्यासाठी त्याच्याकडे नेहमीच्या पासवर्डची तयार यादीच होती. ‘ॲडमिन’, ‘१२३४’, ‘पासवर्ड’. आपल्याकडच्या कार्यालयांत मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर जे लिहिलेलं असतं, ते बहुतेक सगळं त्या यादीत होतं.

आत शिरल्यावर कॉनफिकर विंडोजचे अपडेट बंद करायचा, जुने रिस्टोअर पॉईंट पुसायचा आणि अँटिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट उघडू द्यायचा नाही. रोग्याने दवाखान्याचा रस्ताच खणून ठेवावा तसं. मायक्रोसॉफ्टने त्याच्या कर्त्याची माहिती देणाऱ्याला अडीच लाख डॉलरचं बक्षीस लावलं. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या नगरपालिकेला २००९मध्ये त्याने असा हिसका दिला की त्यांना कार्यालयात पेनड्राईव्ह वापरायलाच बंदी घालावी लागली. मँचेस्टरला जे जमलं नाही ते आपल्या पंचायत समितीला जमावं अशी अपेक्षा मी करत नाही. पण मँचेस्टरमध्ये ‘पेनड्राईव्ह कोणी आणला’ यावर काम थांबलं नाही, नियम बदलला गेला. आपल्याकडे माणूस शोधला जातो.

हा माणूस बहुतेक वेळा परिचालक असतो. संग्रामचे, आणि नंतर आपले सरकार केंद्रांचे परिचालक थकलेल्या मानधनासाठी अनेकदा आंदोलनांना बसलेले आहेत. मशीन अडकलं की पहिला ठपका त्यांच्यावर येतो, ‘तू गाणी टाकलीस म्हणून झालं.’ माझ्या ओळखीच्या एका परिचालकाने एका वर्षात चार वेळा मशीन शहापूरला नेलं, एसटीत मांडीवर घेऊन. प्रत्येक वेळी दुकानदाराने ‘फॉरमॅट मारला’ आणि पैसे घेतले, त्यातले दोनदा परिचालकाच्या खिशातून गेले. आणि प्रत्येक वेळी महिन्या-दोन महिन्यांत फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी बाणवाले शॉर्टकट दिसायला लागले.

का परत यायचं ते? दुकानात बसून बघितलं की कळतं. फॉरमॅट फक्त सी ड्राईव्हला मारला जातो, कारण डी ड्राईव्हमध्ये ग्रामपंचायतीची सगळी कागदपत्रं असतात. डीमध्ये व्हायरसची प्रत तशीच राहते. मग ज्या पेनड्राईव्हमधून दुकानदार ड्रायव्हर आणि मराठी फॉन्ट टाकतो, तो दिवसभरात वीस मशीन फिरलेला असतो. विंडोज चोरट्या प्रतीचं असतं, आणि ते ‘जेन्युइन’ दाखवण्यासाठी जी फाईल चालवतात तिला चालू देण्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद केलेला असतो. अपडेट बंद, कारण अपडेट आलं तर चोरी उघडी पडेल. एवढं करून मशीन गावात पोचतं, आणि तिथे तोच जुना पेनड्राईव्ह वाट बघत असतो.

शॉर्टकटवाला व्हायरस तसा फार मोठा नव्हता. तो पेनड्राईव्हमधले फोल्डर पुसत नव्हता, फक्त लपवायचा. त्यांच्यावर ‘लपलेलं’ आणि ‘सिस्टीमचं’ अशा दोन खुणा मारायचा आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचा. शॉर्टकट उघडला की फोल्डरही उघडे आणि मागे व्हायरसची स्क्रिप्टही चाले. माणसाला काम झाल्यासारखं वाटे, म्हणून तो तक्रारही करत नसे. ॲट्रिब नावाच्या जुन्या डॉसच्या आदेशाने या खुणा काढल्या की फाईली जशाच्या तशा परत दिसत. हे माहीत नसल्यामुळे किती पेनड्राईव्ह ‘डेटा गेला’ म्हणून फॉरमॅट झाले असतील याचा हिशेब लागणार नाही.

आणि गेलेला डेटा म्हणजे काय, तेही सांगायला हवं. आमच्याकडे कातकरी, ठाकूर वस्त्यांमधल्या कित्येक मुलांची जन्मनोंद ग्रामपंचायतीत झालेलीच नसते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली तारीख हाच त्यांच्या जन्माचा कागद. पुढे जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, आधारमधली दुरुस्ती, सगळं त्यावर चालतं. २०१९-२०च्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोक आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले शोधत होते, तेव्हा दाखल्यावरच्या एका अक्षराच्या फरकाने माणसाची झोप कशी उडते हे मी बघितलं आहे. रजिस्टर अजून कागदावर आहे, हे नशीब. पण त्यावरून केलेल्या एक्सेलच्या याद्या, नावांच्या दुरुस्त्या, शिष्यवृत्तीचे तक्ते हे एका मशीनमध्ये असतात आणि त्या मशीनला वर्षातून चार वेळा फॉरमॅट बसतो.

उर्दूवाल्यांचं आणखी एक दुखणं आहे. १९९४पासून उर्दू छपाई इनपेजवर चालते. नस्तालीक लिपी संगणकावर आणणारं हे सॉफ्टवेअर दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर कंपनीचं. भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, कुठेही लग्नपत्रिका छापा, मागे इनपेज असतंच. आणि बरेचदा ते चोरट्या प्रतीचं असतं, कुणाच्या तरी सीडीवरून कुणाच्या तरी पेनड्राईव्हवर आलेलं. कुलूप तोडून दिलेल्या प्रोग्रामबरोबर आणखी काय आलं हे कोण बघतं? २०१६मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना असंही आढळलं की खुद्द इनपेजच्या फाईलमध्येच सापळा लावून आशिया आणि आफ्रिकेतल्या बँकांना पाठवल्या जात होत्या. फाईल उघडली की मशीनचा ताबा दुसऱ्याकडे. ‘वर्डची फाईल आली तर सावध राहा’ हे सगळे सांगतात. उर्दूची फाईलही तशीच असू शकते, हे आपल्या शाळांमध्ये आणि छापखान्यांमध्ये अजून पोचलेलं नाही. आपली भाषा लहान आहे म्हणून आपल्याकडे कुणी बघणार नाही, असा एक भाबडा दिलासा आपण बाळगून असतो. लहान भाषेचं सॉफ्टवेअर क्वचित तपासलं जातं, म्हणून ते उलट सोयीचं पडतं.

पण मोठ्यांची तरी काय गत आहे? मे २०१६मध्ये मंत्रालयातल्या महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांच्या सुमारे १५० संगणकांना लॉकी नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर लागलं. असं सॉफ्टवेअर फाईली कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागतं. पुढच्या वर्षी १२ मे २०१७ला वॉनाक्राय आलं. त्याने दीडशे देश हादरवले, आणि तेही अशा भोकातून ज्याचा पॅच दोन महिने आधीच मिळत होता. कॉनफिकरच्या वेळचाच क्रम पुन्हा.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ला नॉटपेट्या आलं, आणि त्याचा फटका थेट न्हावा-शेवाला बसला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते निघालं आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरलं. जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल मर्स्कच्याच कंपनीकडे होतं. तिथली संगणक यंत्रणा बसली, कंटेनरचं काम रेंगाळलं, बाहेर ट्रकच्या रांगा लागल्या. नॉटपेट्या खंडणी मागायचं, पण ते नाटक होतं. पैसे दिले तरी फाईली परत मिळणार नव्हत्या, ते फक्त नासधूस करायला बनवलेलं होतं. मर्स्कला पुढे सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्याने उभे करावे लागले.

या उभारणीत एक अडचण आली. कंपनीच्या सगळ्या मशीनची आणि वापरणाऱ्यांची नोंदवही ज्या सर्व्हरवर असते, ते सर्व्हर जगभर होते आणि एकमेकांच्या प्रती ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. पण सगळे एकाच जाळ्यात जोडलेले, म्हणून सगळे एकदम गेले. शोधता शोधता एकच वाचलेला सापडला, घानामध्ये. कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून सुटलेला होता. शहापूरच्या लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. मग तो डेटा इंग्लंडला न्यायचा, तर घानाच्या कार्यालयातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एकाने हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला उड्डाण केलं, विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन लंडनला गेला. जगातल्या सर्वात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक, आणि शेवटी तिचंही काम आपल्या केंद्रशाळेसारखंच हातोहात डिस्क पोचवून झालं.

उर्दूत इलाज आणि परहेज असे दोन शब्द आहेत. मराठीत उपचार आणि पथ्य. कार्यालयात आपण उपचारावर पैसे घालतो आणि पथ्याला कुणी विचारत नाही. उपचाराचं तत्त्व जोशीच्या काळापासून बदललेलं नाही. आजारी मशीनला स्वतःलाच तपासायला लावू नका, ते खोटं बोलतं. बाहेरच्या स्वच्छ जागेवरून सुरू करून तपासा. विंडोजमधल्या डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ असा पर्याय आहे, तो मशीन पुन्हा सुरू करून विंडोज उठायच्या आत तपासणी करतो. पैसे पडत नाहीत. आमच्या तालुक्यात दहापैकी एका दुकानदाराने तो कधी वापरला असेल तर मला आश्चर्य वाटेल. त्याआधी नेटची वायर काढायची, म्हणजे शेजारचं मशीन परत उडी मारणार नाही. सी आणि डी दोन्ही तपासायचे. कार्यालयातली सगळी मशीन आणि सगळे पेनड्राईव्ह एकाच दिवशी साफ करायचे, एक मशीन आज आणि दुसरं पुढच्या आठवड्यात असं नाही. घरात खरूज झाली की डॉक्टर सगळ्यांना एकदम औषध लावायला सांगतात, त्याचं कारण हेच.

पथ्यातलं मोठं काम मायक्रोसॉफ्टने स्वतःच केलं, पण उशिरा. विंडोज सेव्हनमध्ये पेनड्राईव्हचं ऑटोरन बंद झालं आणि फेब्रुवारी २०११मध्ये एक्सपीसाठीही तसा अपडेट आला. त्यानंतर या वाटेने होणारी लागण खूप घटली. लागली कुणाला? ज्यांनी चोरट्या प्रतीमुळे अपडेट बंद ठेवले होते त्यांना. ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचे पॅच थांबले आणि ते मशीन आमच्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिलं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची पाळी आली. जुनी मशीन विंडोज ११ला चालत नाहीत, नवी घ्यायला निधी नाही. केरळने आपल्या सरकारी शाळा लिनक्सवर नेल्या, तिथे मुलं आणि शिक्षक त्यावरच शिकतात. चोरटी प्रत नाही, लायसन्सचा खर्च नाही आणि विंडोजसाठी लिहिलेले किडे तिथे चालत नाहीत. आपल्या राज्यात ही चर्चा अधूनमधून होते आणि विरते. माझ्या मते शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत ती सर्वात आधी व्हायला हवी, कारण जुनं मशीन टाकून देणं आम्हाला परवडत नाही.

बाकी रोजचं पथ्य साधं आहे. कारकुनाने किंवा परिचालकाने रोजचं काम साध्या खात्यातून करावं, ॲडमिनच्या नव्हे. तेवढ्याने पुष्कळ किड्यांचे हात बांधले जातात. बाहेरून आलेला पेनड्राईव्ह आधी एका ठरलेल्या मशीनवर तपासावा, आणि त्या मशीनवर कार्यालयाचं काही ठेवू नये. आणि महिन्यातून एकदा सगळ्या कागदपत्रांची प्रत एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. मशीनला लावून ठेवलेली प्रत म्हणजे मर्स्कच्या त्या बाकीच्या सर्व्हरसारखी, मशीनबरोबरच जाते. चार हजारांच्या आसपास अशी डिस्क येते. आमच्या ओळखीच्या त्या परिचालकाच्या ग्रामपंचायतीने ती घेतली, जनरल रजिस्टर आणि नमुना आठच्या वह्या जिथे ठेवतात त्याच लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली ग्रामसेवकाकडे असते, आणि डिस्क लावायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात दर महिन्याला लाल पेनाने केलेली आहे.